दोर, सात हात जास्ती

दुष्काळ हा शब्द या रुमालात कुठेच नाही.
चार महिने शोधतो आहे,
वडोद्याच्या दप्तरखान्यात, उत्तरेच्या खिडकीशी.
जेसंगभाई गाठ सोडतात, धूळ झटकतात,
आणि दोनशे वर्षांची कसर माझ्या चहात पडते.

पुण्याहून टिपणीसबाई आल्यात.
आडनाव टिपणीस, पण मोडी येत नाही.
त्यांना पाऊस वाचता येतो,
सागाच्या वर्तुळांतून, गुहेतल्या चुन्यातून.
म्हणाल्या, काका, दर सालाला एक आकडा द्या,
उणे तीन ते अधिक तीन.
उणे तीन म्हणजे किती?
म्हणजे गावं उठतात तितकं.

सन सलास अशर मयातैन व अलफ,
मी मोठ्यानं वाचतो.
त्या लिहितात, अठराशे बारा-तेरा.
मृगाला सुरू होणारं साल.
नाव अरबी, हिशेब मराठी,
आणि ढग गुजरातेतले,
दोघांपैकी कुणाचं न ऐकणारे.

पिलखान्याचा जमाखर्च. कारकून मोरो विसाजी.
हात सुबक, लेखणी शब्दभर उचलत नाही.
«आषाढ शुद्ध नवमी. विहिरीस दोर नवा,
सात हात जास्ती.»
पुढे हत्तीच्या तेलाचा खर्च, माहुताचा रोजमुरा,
मग श्रावणात
«दोर जोडिला, हात पांच.»
भाद्रपदात
«दोर जोडिला, हात नऊ. मोट बंद. घागरीने काढणें.»

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

पाऊस मोजायला कुणी बसलं नव्हतं त्या गावात.
आभाळाबद्दल मोरो विसाजी अवाक्षर लिहीत नाही,
ते त्याच्या खात्यात नव्हतं.
पण सुंभाला पैसे पडतात,
म्हणून पाणी किती खाली गेलं
ते पैपर्यंत उतरलं.

«मगर येक, नदी सोडून पेठेंत विहिरीपाशी सांपडली.
मारिली नाही. ओढणारांस चार आणे.»
इथे बाई हसल्या, मीही हसलो.
मग पान उलटलं.

हत्ती फत्तेजंग. ऊस बंद.
हत्ती फत्तेजंग. गवत निम्मे, वडाचा पाला.
हत्ती फत्तेजंग. पाला मिळत नाही.
«साखळदंड येक, कोठींत जमा.»

एवढंच.
मी दुसऱ्यांदा वाचून दाखवलं नाही.

दसऱ्यानंतर पानं कोरी.
वरची आडवी रेघ मात्र प्रत्येक पानावर ओढलेली,
आधीच ओढून ठेवली असणार, महिन्याभराची,
जसे आपण दिवाळीआधी फराळाचे डबे घासून ठेवतो.
पौषात पुन्हा अक्षर. दुसऱ्याचा हात, घाईचा, तिरका.
मोरो विसाजीचं काय झालं, नवा लिहीत नाही.
गेला, की गाव सोडून गेला,
की साध्या तापानं आठ दिवस पडला
आणि मग कुणी बोलावलंच नाही.

कोऱ्या पानांना काय लिहू, मी विचारलं.
माहिती उपलब्ध नाही, बाई म्हणाल्या,
नियम तसा आहे.
मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
त्या सालापुढे त्यांनी उणे तीन लिहिलं,
खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.
तक्त्यात त्याच्या खाली दोर जात नव्हता.

पाच वाजता जेसंगभाई कुलूप घेऊन आले.
काय मिळालं आज?
सांगायला बसलो तर सांगता येईना.
रुमाल बांधायची सुतळी होती टेबलावर,
तिचं एक टोक मी खिडकीशी धरलं.
म्हटलं, चाला. एकवीस हात.
एवढी तर नुसती वाढवलेली,
आधीची किती होती ते लिहिलेलं नाही.

ते चालत गेले, कपाटांच्या मधून,
संवत, फसली, शके ओलांडत,
दारापर्यंत, दाराबाहेर,
पाण्याच्या माठापाशी थांबून ओरडले,
हजी?

सुतळी माझ्या बोटात ताठ झाली होती.
हजी, मी म्हटलं.